कडेची रोपं आणि गॅसची वही

(साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत संख्याशास्त्र दिनी, २९ जूनला, झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते ३१ वर्षं महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत.)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या पावसातून आलेली मंडळी,

आधी एक मोजणी उरकून घेऊ. आज छत्री कोणी कोणी आणली? हात वर करा. छान, जवळजवळ सगळेच. खाली घ्या. आता, न आणता भिजत कोण आलं? चार. त्यांचं धाडस मला आवडलं. आणि परवा दिवसभर ऊन होतं, तेव्हा छत्री उगाच काखोटीला मारून कोण हिंडलं? बघा आता. हात बरेच आहेत, पण पूर्ण वर कुणाचाच नाही. सगळे कोपरापर्यंत. या अर्धवट वर आलेल्या हातांबद्दल मला आज खरं बोलायचं आहे. पत्रकावर मात्र छापलंय, ‘दोन प्रकारच्या चुका आणि आपलं घर’. तोही विषय येईल. किती वेळ आहे म्हणालात? पन्नास मिनिटं. मग येईल, येईल.

आज २९ जून. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म १८९३ साली या दिवशी झाला, म्हणून २००७ पासून सरकार हा संख्याशास्त्र दिन पाळतं. कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था त्यांनी उभी केली, देशभरच्या नमुना पाहण्या त्यांनी सुरू केल्या. माणूस मोठाच. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार आहे आपल्याबद्दल. आपल्याच जिल्ह्यात बुध नावाचं गाव आहे, तिथे १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. या सभागृहात ते नाव किती जणांनी ऐकलंय? हं. पाच. त्यातले दोन माझे विद्यार्थी, म्हणजे ते धरायचे नाहीत. आणि एक आमच्या सौभाग्यवती, त्यांना तर इलाजच नव्हता. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आज त्यांचा उल्लेख फार होणार आहे, तो परवानगीनं होतो आहे हे आधीच सांगून ठेवतो.

सुखात्मे पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकले आणि पुढे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. १९३६ साली ते तिथून डॉक्टरेट घेऊन आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, रोमला, संख्याशास्त्राचं काम वीस वर्षं त्यांनी पाहिलं. पण मला रस आहे तो लंडनमध्ये. कारण ते ज्या दोघांच्या हाताखाली शिकले ते होते नेमन आणि इगॉन पिअर्सन. ज्यांच्या ‘दोन प्रकारच्या चुका’ तुमच्या पत्रकावर छापल्यात, तेच हे दोघे. म्हणजे हा विषय काही परका नाही. आपल्या जिल्ह्यातला पोरगा तो पहिल्या हातून शिकून आला होता.

आता त्याच इमारतीत आमच्या विषयातले दुसरे दिग्गज, रोनाल्ड फिशरही होते. फिशर आणि नेमन यांचं पुढे असं बिनसलं की काय सांगावं. तिथे चहापानाची एकच खोली होती; एका गटाचा चहा आटोपून ती मंडळी बाहेर पडली की मगच दुसरा गट आत यायचा, असं सांगतात. आपल्याकडे भाऊबंदकी विहिरीवरून होते, त्यांची शून्य परिकल्पनेवरून झाली, म्हणजे ‘फरक काहीच नाही’ असं आधी धरून चालतात त्यावरून. विहिरीचा वाद निदान कधीतरी मिटतो.

चहावरून आठवलं. आठवलं म्हणजे काय, मी इथे येतानाच ठरवून आलो होतो, पण आठवलं असं म्हणायची पद्धत आहे.

फिशरांची चहाची गोष्ट आमच्या विषयात सत्यनारायणाच्या कथेसारखी आहे. प्रत्येक वर्गाला एकदा सांगावीच लागते. रोथमस्टेड नावाच्या शेतीसंशोधन केंद्रात ते असताना एक बाई म्हणाल्या की कपात दूध आधी घातलं की चहा आधी ओतला, हे मला चवीवरून कळतं. फिशरांनी आठ कप घेतले. चारात दूध आधी, चारात चहा आधी. बाईंनी चार-चार वेगळे काढायचे. नुसतं अंदाजपंचे सांगितलं तर सगळं बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. १९३५ च्या पुस्तकात फिशरांनी हा प्रयोग सविस्तर मांडलाय. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि एकदाही करून पाहिलं नाही. संख्याशास्त्राचा प्राध्यापक म्हणजे पोहण्यावर व्याख्यान देणारा माणूस असतो, काठावरून.

निवृत्त झाल्यावर वेळच वेळ. आमच्या घरी एक जुना वाद आहे. सौ. म्हणते, चहात आलं ठेचून घालायचं. किसून घातलं तर चहाला किसणीचा वास येतो. मी म्हणायचो, आलं ते आलं. मी चहा केला की आलं किसतो, कारण खलबत्ता काढा, ठेचा, धुवा, हे कोण करणार. आणि ती लांबूनच म्हणायची, “किसलंत ना?” मला वाटायचं, ही बघते. किसणी मोरीत पडलेली दिसते हिला. म्हणून एका रविवारी मी म्हटलं, होऊन जाऊ दे.

आठ सारखे कप आमच्या घरात निघाले नाहीत. सहा निघाले, दोन शेजारून आणले. त्यांना सोनेरी काठ होता. दोन शेगड्यांवर दोन पातेली. दूध एकाच पिशवीतलं, साखर मोजून, चहापत्ती मोजून, आलंसुद्धा एकाच कांड्याचं, काट्यावर तोलून. काटा सोन्याचा नव्हे, पोहे मोजायचा. एक पातेलं ठेचलेल्याचं, एक किसलेल्याचं. चहा गार झाला की चव बदलते म्हणून दोन थर्मासमध्ये भरला. कोणत्या कपात कोणता, हे नातीनं चिठ्ठ्या उचलून ठरवलं. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला वाटत होतं आजीला बक्षीस मिळणार आहे. सौ. बाहेरच्या खोलीत, डोळ्यांवर ओढणी. मी एकेक कप नेऊन द्यायचो, ती दोन घोट घ्यायची, आणि सांगायची. मध्ये गार पाण्यानं चूळ. पाचव्या कपाला म्हणाली, “अहो, आता जीभ बधिर झाली.” मी म्हटलं, प्रयोगात असं बोलायचं नसतं.

निकाल काय लागला? ठेचलेल्या चारातले तीन तिनं बरोबर ओळखले, एक चुकला. म्हणजे किसलेल्यातलेही तीन बरोबर, एक चुकला. मी लगेच कागद घेतला. सत्तर शक्यतांपैकी चारही बरोबर येण्याची एक आणि तीन बरोबर येण्याच्या सोळा. सतरा भागिले सत्तर. चोवीस टक्के. म्हणजे काही न कळणारा माणूससुद्धा नुसत्या नशिबानं चारात एकदा इतपत मजल मारतो. मी जाहीर केलं, “सिद्ध होत नाही.” आणि तीस वर्षांचा वाद जिंकल्याच्या आनंदात उरलेला चहा पिऊन टाकला.

तिनं डोळ्यांवरची ओढणी काढली, घडी घातली. घडी घालणं सुरू झालं की मी सावध होतो. मग म्हणाली, “मला कळतं हे सिद्ध झालं नाही. ठीक. पण मला कळत नाही, हे सिद्ध झालं का?”

मंडळी, हा प्रश्न मी एकतीस वर्षं परीक्षेत पाच गुणांना घालत होतो. उत्तर येणारी मुलं वर्गात दोन-तीन असायची. आणि इथे स्वयंपाकघरात, विषयाशी काही संबंध नसताना, बाईनं तो मलाच घातला.

पुढे म्हणाली, “दहावीला पस्तीसला पास करता. मला मात्र शंभरपैकी शंभर हवेत?” आता हे अगदी बरोबर आहे. आठ कपांत नियमच असा होता की एक चूक केली की नापास. ज्याला खरोखर कळतं, पण एखाद्या वेळी जीभ चुकते, असा माणूस या परीक्षेत हमखास आपटणार. मी तिला बारा कप, सोळा कप द्यायला हवे होते, दोन दिवसांत वाटून. मी परीक्षा इतकी छोटी घेतली की खरी कलाही त्यात दिसणार नाही, आणि मग म्हटलं की कला दिसली नाही. शासकीय समित्या असंच करतात. जाऊ दे, आज तो विषय नाही.

आणि सगळ्यात शेवटी, कप विसळताना, पाठमोरी असताना म्हणाली, “त्या निळ्या थर्मासच्या बुचाला वास येतो. तुम्हाला येत नाही का कधी?” म्हणजे आठपैकी चार कपांना बुचाचा वास होता. ती आलं ओळखत होती की बूच, हे आता देवालाही सांगता येणार नाही. पुढचे तीन दिवस आमच्याकडे चहा बिनआल्याचा झाला.

तर सुखात्मे. हो हो, येतोय परत.

पीक कापणी प्रयोग हा शब्द इथल्या शेतकरी मंडळींना मी समजावून सांगायला नको. पीक विम्याच्या निमित्तानं तो घराघरात गेलाय. शेतात एक तुकडा आखायचा, तेवढ्यातलं पीक कापायचं, तोलायचं, आणि त्यावरून एकरी उतारा काढायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. (ही म्हण संख्याशास्त्राचा प्रत्येक मास्तर पहिल्या तासाला वापरतो. माझ्या आईचं यावर म्हणणं होतं की शीत वरचं घेतलं तर तळाशी लागलेला भात कसा कळणार? तिला कुणी प्राध्यापक केलं नाही.) महालनोबिसांच्या पाहण्यांत हे तुकडे लहान असायचे, छोटी छोटी वर्तुळं. त्यामागे विचार होता: लहान तुकडा लवकर कापून होतो, खर्च कमी, म्हणून जास्त ठिकाणी जाता येतं. १९४० च्या दशकात सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे म्हणाले, थांबा. लहान तुकड्यांवरून उतारा फुगून येतोय. मोठा तुकडा कापला की आकडा खाली येतो.

का बरं? इथे जरा शेतात चला. कापणारा गडी दोरी लावून वाकलाय, हातात विळा. वर्तुळाच्या आतलं कापायचं, बाहेरचं सोडायचं, यात गोंधळ नाही. गोंधळ आहे तो दोरीवरच उभ्या असलेल्या रोपाचा. बुंधा बाहेर आहे, कणीस आत झुकलंय. हे आत धरायचं की बाहेर? त्याला यात काही मिळायचं नाही. तो खोटाही नाही. पण एवढं भरलेलं कणीस सोडवत नाही हो. तो कापतो. दहा वेळा असं रोप आलं तर दहापैकी पाच वेळा आत आणि पाच वेळा बाहेर असं व्हायला हवं. तो आठ वेळा आत घेतो, असं समजा. बस, एवढंच. आणि वर्तुळ जितकं लहान, तितका कडेचा वाटा मोठा. त्रिज्या दहापट केलीत तर क्षेत्रफळाच्या मानानं कड दहावा हिस्सा होते. शाळेतलं गणित आहे.

आता खरी मेख. जी चूक कधी इकडे कधी तिकडे होते, ती जास्त मोजून कमी करता येते. निम्मी करायची तर चौपट मोजा, पण होते. कडेच्या रोपाची चूक तशी नाही. हजार शेतं कापा, प्रत्येक ठिकाणी गड्याचा हात आतच वळणार. जितकं जास्त मोजाल तितके तुम्ही चुकीच्या आकड्याबद्दल निःशंक व्हाल.

माझं एवढंच म्हणणं आहे की आपल्या घरातल्या बहुतेक चुका या कडेच्या रोपांच्या असतात. प्रसादाचा पेढा गोड खाण्यात धरत नाहीत. दुसऱ्याच्या ताटातून उचललेला वडा, तोही नाही. तो तर चाखला होता. फिरायला गेलो, कट्ट्यावर पाऊण तास बसलो, तो तास ‘चालण्यात’ जमा. मी घरात कधी आवाज चढवत नाही, असं मी शपथेवर सांगायचो; जो आवाज चढतो त्याला मी समजावणं म्हणतो. यात कुणी खोटं बोलत नाही. आत धरायचं की बाहेर, अशी जिथे जिथे शंका येते, तिथे विळा आपोआप आपल्या बाजूला वळतो. मघाचे कोपरापर्यंतचे हात आठवा.

आणि मी हे शहाणपणानं सांगत नाहीये. माझी वही आहे ना.

झालं असं की कोल्हापूरला पुतण्याचं लग्न होतं, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा मुहूर्त. आम्ही स्टँडवर पोचलो, गाडी लागलेली, जागा धरलेली, आणि सौ. म्हणाली, “गॅस बंद केला होता ना?” मी म्हटलं, केला. “नक्की?” आता या ‘नक्की’ला जगात उत्तर नाही. रिक्षा करून घरी गेलो, गॅस बंद. परत आलो, गाडी गेलेली. पुढची गाडी महामार्गावरच्या कामात अडकली. आम्ही कार्यालयात शिरलो तेव्हा नवरानवरी घास भरवत होते. अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या. भावानं काही म्हटलं नाही, वहिनीनं मात्र आजतागायत म्हणायचं सोडलेलं नाही.

त्या रात्री मी वही घातली. शंभर पानी, निळं पुठ्ठं. रकाने: तारीख, कुठे निघालो, कुठून परतलो, काय आढळलं, शेरा. चार वर्षं ठेवली. एकसष्ट नोंदी. कुठून कुठून परतलो आहोत ते वाचलंत तर हसाल; एकदा यवतेश्वरचा अर्धा घाट चढून. आणि ‘काय आढळलं’ या रकान्यात एकसष्ट वेळा एकच शब्द: बंद. बंद. बंद.

एका संध्याकाळी मी ती वही तिच्यापुढे ठेवली, खटल्याचे कागद ठेवावेत तशी. म्हटलं, एकसष्टपैकी शून्य. आता पुरे. तिनं चष्मा लावला. मला वाटलं शेवटचं पान बघेल, बेरजेचं. ती पहिल्या पानापासून वाचायला लागली. आणि बोट ठेवलं ते ‘शेरा’ या रकान्यावर. तो रकाना मी स्वतः परत कधी वाचला नव्हता. “हे काय लिहिलंय? शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर चालू.”

म्हटलं, बरोबर. म्हणजे बंदच.

तिनं पुढची पानं चाळली. असा शेरा सात ठिकाणी होता. “अहो, मी विचारत होते गॅस बंद केला का. तुम्ही बघून येत होतात शेगडी. नळीच गळायला लागली तर तुमची बटणं काय करणार आहेत?”

सात कडेची रोपं, आणि सातही मी माझ्याच वर्तुळात ओढलेली. स्वतःच्या हातानं लिहिलेली, शाईनं. १९५७ साली किंबॉल नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं ‘तिसऱ्या प्रकारची चूक’ असं एक प्रकरण मांडलं होतं: भलत्याच प्रश्नाचं अचूक उत्तर देणं. मी ते विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगायचो.

समजा ते सात सोडून दिले, खरोखर एकसष्टपैकी शून्य आहे असं धरलं, तरी शून्य म्हणजे शून्य नव्हे. आमच्याकडे एक साधा आडाखा आहे. अमुक वेळा पाहिलं आणि एकदाही आढळलं नाही, तर तीनाला तेवढ्यानं भागा. तीन भागिले एकसष्ट, जवळपास पाच टक्के. म्हणजे माझी वही एवढंच म्हणू शकत होती की गॅस चालू राहण्याची शक्यता फार तर पाच टक्के असावी. घर जळण्याच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे…

काय? चिठ्ठी आली. दहा मिनिटं? नाही, ‘आभार धरून दहा’. म्हणजे माझी सहा. अरे देवा. पत्रकावरचा विषय अजून सुरूच झालेला नाही. बरं, पळवतो.

पहिल्या प्रकारची चूक: काही नसताना काहीतरी आहे म्हणणं. साप साप म्हणून भुई धोपटणं. दुसऱ्या प्रकारची: असताना नाही म्हणणं. साप होता आणि तुम्ही दोरी म्हणून उचललात. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ या म्हणीत दोन्ही चुका एका दमात केल्या आहेत. नेमन आणि पिअर्सन यांनी १९३३ साली जे सांगितलं त्याचा गाभा असा, की पुरावा तेवढाच असताना एक चूक कमी करायला जाल तर दुसरी वाढते. तेव्हा कोणती चूक महाग पडते ते आधी ठरवा आणि मग नियम करा. गॅससाठी परत जाणं म्हणजे रिक्षाचं भाडं, अर्धा तास, फार तर एक लग्न. न जाणं म्हणजे घर. सौ.चा नियम बरोबर होता, माझं गणितही तिच्याच बाजूचं होतं, फक्त ते मी चुकीच्या बाजूनं लढवत होतो. आणि घरोघरची भांडणं बघा. वयात आलेली मुलगी रात्री साडेनऊला घरी आली नाही. आई फोन करते, बाप म्हणतो उगाच काळजी करतेस. दोघांना माहिती सारखीच आहे. आईला एक चूक महाग वाटते, बापाला दुसरी. यात खरं-खोटं करण्यासारखं काही नसतं, पण आपण तासभर खरं-खोटंच करत बसतो.

दुसरं. तपासण्यांची पॅकेजं. माझ्या मुलानं परदेशातून मला वाढदिवसाची भेट म्हणून चौसष्ट तपासण्यांचं पॅकेज पाठवलं. पूर्वी धोतरजोडी द्यायचे. अहवालात तीन आकडे ठळक छापलेले. दोन महिने मी दवाखान्यांच्या फेऱ्या मारल्या, निघालं काहीच नाही. आता हे ध्यानात घ्या: ‘नॉर्मल’ म्हणून जी मर्यादा छापतात ती बऱ्याच तपासण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे पाच टक्के धडधाकट माणसं व्याख्येनंच बाहेर. अशा वीस तपासण्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या, केल्या तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के. चौसष्ट तपासण्यांत तीन ठळक म्हणजे मी तर फारच निरोगी निघालो. डॉक्टरांकडे जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, हे कृपया लिहून घ्या. त्रास होतोय म्हणून केलेली तपासणी वेगळी आणि सवलत आहे म्हणून केलेली वेगळी.

त्याच्याशीच जोडून, घाईनं: हजारात एकाला होणारा आजार. तपासणी अशी की आजारी माणूस सुटत नाही, पण निरोग्यांपैकी पाच टक्क्यांना चुकून ‘आहे’ सांगते. हजार जण तपासले. एक खरा, पन्नास खोटे. तुमचा अहवाल ‘आहे’ आला तर तुम्ही त्या एक्कावन्नातले एक. खरोखर आजार असण्याची शक्यता दोन टक्के. हे लोकांना सांगितलं की ते माझ्याकडे संशयानं बघतात. घरी जाऊन कागदावर हजार ठिपके काढा, पटेल.

तिसरं, गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८६ साली मांडलेलं. उंच बापांची मुलं उंच असतात, पण सरासरीनं बापाइतकी नसतात. हे उंचीचंच नाही. मुलाला एका चाचणीत फारच कमी गुण पडले, तुम्ही रागावलात, पुढच्या वेळी वाढले. फारच जास्त पडले, तुम्ही कौतुक केलंत, पुढच्या वेळी उतरले. निष्कर्ष काय काढता? रागावणं लागू पडतं आणि कौतुकानं पोरं बिघडतात. काही संबंध नाही हो. टोकाचं काही घडलं की त्यानंतरचं बहुधा मधलंच घडतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पिढ्यानपिढ्या आपण पोरांना बडवलं त्यातलं किती या एका गैरसमजावर बडवलं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. यावर मला खरं तर अर्धा तास हवा होता. मी स्वतः वर्गात काय काय केलंय तेही सांगायचं होतं.

ज्योतिष आणि पत्रिका हा मुद्दा टिपणात आहे, तो सोडतो. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून तो सोडलेलाच बरा.

घंटा? वाजवा, वाजवा. फक्त एक व्यावहारिक सूचना. बाहेर व्हरांड्यात सगळ्यांच्या छत्र्या एकाच पिंपात उभ्या आहेत आणि बहुतेक काळ्याच आहेत. गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेला मी आलो होतो, तेव्हा जाताना अंधारात माझी म्हणून एक छत्री घेऊन गेलो. घरी गेल्यावर दिसलं की हिची मूठ लाकडी आहे. माझी प्लास्टिकची होती. मनात म्हटलं, असेल, आपलीच असेल. वर्षभर वापरली. ती आज परत आणली आहे, पिंपात न ठेवता दाराच्या उजव्या बाजूला टेकवून ठेवली आहे. ज्यांची असेल त्यांनी न्यावी, आणि त्यांच्याकडे प्लास्टिकच्या मुठीची, एक काडी वाकलेली छत्री असेल तर ती माझी. तिची घाई नाही.